सावंत एस, एकूण एकतीस

आमच्या गिरणीच्या दप्तरात ‘सावंत एस’ या नावाच्या एकतीस फायली होत्या. त्यांत सीताराम होते, सखाराम होते, शंकर, सदाशिव, सोनू होते आणि एक सरस्वतीही होती. पण फायलीच्या पाठीवर बघाल तर सगळे सारखे. सावंत एस. देवगडचा तोच, मालवणचा तोच, आणि तीन वर्षांपूर्वी वारलेलाही तोच.

याला कारण एक पितळी चौकट. गिरणी बांधली तेव्हा कुणी गोऱ्या साहेबाने कामगारांच्या फायलींसाठी जाड पुठ्ठ्याच्या पेट्या मागवल्या होत्या. प्रत्येक पेटीच्या पाठीवर एक छोटी पितळी चौकट, तिच्यात नावाची चिठ्ठी सरकवायची. चिठ्ठीवर मोठ्या टायपात इंग्रजी अक्षरं. मोजून आठ बसायची, मधली मोकळी जागा धरून. साहेबाच्या देशात आठ अक्षरांत माणूस मावत असेल. आमच्याकडे सावंत लिहिलं की सहा संपली, एक जागा सोडली की सात, आठवं अक्षर ‘एस’. पुढे सीताराम की सरस्वती हे देवाला ठाऊक.

तुम्ही म्हणाल, कामगाराला नंबर नव्हता का? होता. पण गैरहजरांच्या जागी येणारा बदलीवाला कायम झाला की नंबर बदले, खातं बदललं की बदले. म्हणून फायली नावाने लावायच्या असं ठरलं होतं. माझा भाचा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो परवा सांगत होता की त्यांच्या जुन्या यंत्रांतही फायलीला आठच अक्षरांचं नाव देता यायचं, आणि अशा अडचणी व त्यांवरचे तोडगे ते लोक छापून गिऱ्हाइकांना वाटतात. मी त्याला विचारलं, “चौकट पितळेची होती का रे?” तो हसला. मी मात्र गंभीरपणे विचारलं होतं, कारण तशीच यादी मी चाळीसेक वर्षांपूर्वी लालबागच्या एका गिरणीत बसून लिहिली होती आणि तिच्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती.

मी गिरगावातली. वडील एका पेढीत कारकून, मी मॅट्रिक आणि टायपिंगची परीक्षा दिलेली. गिरणीच्या कचेरीत रेकॉर्ड कीपरची जागा निघाली तेव्हा आई म्हणाली, “गिरणीत? बायका तिथे साडी खोचून जातात म्हणे.” वडील म्हणाले, “ती कचेरीत जाणार आहे, कापड विणायच्या साच्यावर नाही.” तरी पहिल्या दिवशी आईने ट्रामच्या थांब्यापर्यंत धाकट्या भावाला सोबत धाडलं होतं.

आमचे हेडक्लार्क गुप्ते. बारीक अंगाचे, कोटाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं, आलेलं प्रत्येक पत्र दोनदा वाचणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला रेकॉर्ड रूममध्ये नेलं. छतापर्यंत लाकडी घोडे, त्यांवर हजारो पेट्या, आणि बॉयलरच्या भिंतीला लागून खोली असल्यामुळे पापड वाळावेत अशी ऊब.

“मिस विजयकर,” गुप्ते म्हणाले, “ही पद्धत साठ वर्षं चालत आलेली आहे. पद्धत चुकत नाही. माणूस चुकतो.”

मी मान डोलावली. ते गेल्यावर घोड्यामागून आवाज आला, “बाय, घाबरा नको. माणूस पण सगळो चुकना नाय.”

ते धोंडूमामा. रेकॉर्ड रूमचे हमाल. पूर्वी साच्यावर होते. पट्ट्यात सापडून उजव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हा गिरणीने त्यांना इथे आणून ठेवलं. लिहिता-वाचता अजिबात येत नव्हतं, आणि तरीही सबंध गिरणीत हवी ती फाईल काढून देणारा तो एकच माणूस होता. कशी, हे मला महिनाभर कळलं नाही. मग एकदा पाहिलं की ते पेटीची नाडी बोटांनी चाचपतात. प्रत्येक नाडीला गाठी होत्या. देवगडकडच्याला एक, मालवणकडच्याला दोन, सावंतवाडीच्याला तीन. बारीक माणूस असेल तर टोकाला छोटी गाठ, लंबू असेल तर नाडीचं टोक लांब सोडलेलं. आठ अक्षरांनी जे सांगता येत नव्हतं ते मामा नाडीवर लिहीत होते. गुप्त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांची समजूत, पद्धत चालते आहे.

ती एकदा चालली नाही. मामा तापाने घरी होते आणि मिलच्या डॉक्टरची कुणा ‘सावंत एस’बद्दल एक चिठ्ठी आली. मी नवखी, ‘सावंत एस’ची जी पेटी हाताला लागली तिच्यात ती ठेवली. रजेच्या कारकुनाने पेटीतला नंबर बघून हुकूम काढला. आठवड्याने साचे चालवणारा सीताराम सावंत याच्या हातात इंग्रजी कागद पडला. मुकादमाने त्याला अर्थ सांगितला की साहेबाने आठ आठवड्यांची रजा मंजूर केली आहे. सीतारामने कारण विचारलं नाही. साहेबाचा हुकूम मोडायचा नाही अशी त्याच्या घरची शिकवण होती. तो बिऱ्हाड घेऊन देवगडला गेला, घर शाकारलं, बहिणीचं लग्न उरकलं, आणि हुकुमाप्रमाणे बरोबर आठ आठवड्यांनी हजर झाला. तेव्हा त्याच्याकडे मुलाच्या जन्माचा दाखला मागण्यात आला.

तो टोपी हातात धरून गुप्त्यांपुढे उभा राहिला. “साहेब, पोराचो दाखलो मागतत. माझो धाकटो सात वर्सांचो आसा. तेचो चलात काय?”

गुप्त्यांनी कागद दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा वाचला. त्यांचा चेहरा इतका पांढरा झालेला मी नंतर एकदाच पाहिला.

सीतारामचं हे आठ आठवड्यांनी कळलं, पण दुसरी बाजू माझ्यासमोर आधीच उभी राहिली होती. सरस्वती सावंत, कांड्या भरायच्या खात्यातली, नववा महिना लागलेली, रजेचा हुकूम नाही म्हणून रोज कामावर येणारी. ती एके दिवशी जिना चढून वर आली, माझ्या टेबलाला हात टेकून धापा टाकत उभी राहिली आणि म्हणाली, “बाय, माजी फायल गावली काय?”

“शोधतेय,” मी म्हटलं. “चिठ्ठी आली होती, पण ती...”

“मगे ह्या पोराक तुमीच सांगा, फायल गावापर्यंत थांब म्हणान.”

मी तिला खुर्ची दिली आणि रजेच्या कारकुनाकडे धावले. नियमात बसत नसताना त्याच दिवशी तिला घरी धाडलं. चार दिवसांनी मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत हे कळेपर्यंत मला जेवण गेलं नाही. लोक हा किस्सा ऐकून हसतात, मीही सांगताना हसते. पण ती चिठ्ठी माझ्या हाताने चुकीच्या पेटीत गेली होती, हे मी विसरलेले नाही.

सीताराम परत आला त्याच आठवड्यात मी निळ्या पुठ्ठ्याची एक वही आणली. डाव्या पानावर अडचण, उजव्या पानावर तोडगा. मामा एव्हाना बरे होऊन कामावर आले होते. त्यांना म्हटलं, “मामा, तुम्ही पुन्हा आजारी पडलात तर गिरणीत पुरुष बाळंत व्हायला लागतील. गाठींचा अर्थ मला सांगा.”

ते महिनाभर सांगत होते, मी लिहीत होते. गाठींबरोबर टोपणनावंही लिहिली, कारण गिरणीत कुणी कुणाला खऱ्या नावाने ओळखतच नसे. बारक्या सावंत, तबलजी सावंत, चष्मेवाला परब, म्हशीचा परब. ही नावं कुठल्याच फायलीत नव्हती. खात्यातून निरोप यायचा, “तबलज्याची फायल दे,” आणि माझी वही सांगायची की तबलजी म्हणजे खालच्या घोड्यावरची सातवी पेटी, दोन गाठी. पुढे इतरही अडचणी लिहिल्या. कुणी फाईल नेली की तिच्या जागी लाकडी पट्टी ठेवायची असा नियम होता; एका साहेबाने निवृत्तीच्या आदल्या दिवशी फाईल नेली आणि ती पट्टी अकरा वर्षं इमानाने उभी होती. फार जुन्या माणसाची फाईल आहे एवढंच सांगणारं कार्ड अनुक्रमाच्या खणातून काढून टाकलं की फाईल गेली असं समजायचे, पण फाईल घोड्यावरच असायची. ती आहे हे सांगणारं कुणी नसल्यामुळे ती नाही, एवढंच.

या सगळ्यांत मला अभिमान वाटला तो कुणकेरकरांच्या प्रकरणाचा.

विठोबा कुणकेरकर. एवढं लांब आडनाव गिरणीत एकच. चौकटीत ‘कुणकेरका’ बसायचं, ‘र’ बाहेर राहायचा, त्यामुळे मॅनेजर साहेब त्यांना कुणकेरकाच म्हणत. शांत माणूस, चाळिशीचा, वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारा. त्यांना रातांधळेपणा होता. रात्रपाळीत दिवे असले तरी साच्यांच्या मधल्या वाटेवर ते चाचपडत चालायचे. दिवसपाळी मिळावी म्हणून त्यांनी कुणाकुणाकडून लिहवून घेऊन अर्ज केले होते. एकूण अकरा. उत्तर एकाचंही नाही.

मी त्यांची फाईल काढली. आत चिठ्ठी होती : ‘पाळीबदलाची फाईल पाहा.’ पाळीबदलाची फाईल काढली. तिच्यात चिठ्ठी : ‘कामगाराची फाईल पाहा.’ दोन्ही चिठ्ठ्यांवर गुप्त्यांची सही. दोन वर्षं प्रत्येक कारकून या फायलीतून त्या फायलीत गेला होता, तिथून परत इथे आला होता आणि शेवटी चहा प्यायला गेला होता. अर्ज दोन्हींत नव्हते. ते मला तिसऱ्याच ठिकाणी, एका बदली होऊन गेलेल्या कारकुनाच्या खणात ‘चौकशीसाठी’ अशा चिठ्ठीसकट दोरीत बांधलेले सापडले. मी अकराच्या अकरा अर्ज तारखेवार शिवून त्यांच्या फायलीत लावले, दोन्ही चिठ्ठ्या काढल्या, कार्ड नवं टाइप केलं आणि फाईल गुप्त्यांपुढे ठेवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. “ही फाईल,” ते म्हणाले, “आदर्श आहे.” त्याच आठवड्यात कुणकेरकरांना दिवसपाळी मिळाली. त्यांनी गावचे चार नारळ आणून माझ्या टेबलावर ठेवले. मी ऐटीत तीन परत केले.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. त्या चळवळीबद्दल जाणत्यांनी पुष्कळ लिहिलंय. गोळीबारात माणसं गेली त्यांच्याबद्दल माझ्यासारखीने काय लिहावं. आमच्या घरी वडील म्हणत, शांतपणे व्हायला हवं. भाऊ रोज घसा बसवून घरी यायचा आणि खुणांनी जेवण मागायचा. आई अश्रुधुराच्या भीतीने खिडकीत ओल्या पंच्यांची बादली भरून ठेवायची. एका हरताळाच्या दिवशी आमची पहिली पाळी साचे बंद करून फाटकाबाहेर पडली आणि मोर्चात गेली. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. सगळे एकदम निघाले होते. कोण पुढे, कोण मागे, हे खुद्द त्यांनाही सांगता आलं नसतं.

पण फाटकावरच्या जमादाराने सांगितलं. मॅनेजर साहेबांनी हुकूम काढला, कामगारांना बाहेर काढणारे पुढारी शोधा आणि चार दिवसांत त्यांना कामावरून कमी केल्याच्या नोटिसा द्या. जमादाराने चाळीस नावांची यादी दिली. आमचे लेबर ऑफिसर चिटणीस यांनी ती गुप्त्यांकडे पाठवली, गुप्त्यांनी माझ्याकडे. उद्या दुपारी बारापर्यंत चाळीस फायली टेबलावर हव्यात.

मी यादी वाचली. जमादार माणसं चेहऱ्याने आणि टोपणनावाने ओळखणारा. बारक्या सावंत. तबलजी सावंत. म्हशीचा परब. लंबू सावंत. चष्मेवाला परब. गिरणीतला कुठलाही कागद ही माणसं कोण हे सांगू शकत नव्हता. माझ्या निळ्या वहीखेरीज.

रात्रभर झोप आली नाही असं लिहायची पद्धत आहे, पण मला झोप लागली होती. सकाळी ट्रामने जाताना मात्र ती चाळीस नावं मनात मोजत गेले. मी चळवळीतली नव्हते. नोकरी हवी होती. आणि एवढंही ठाऊक होतं की बारक्या म्हणजे तोच देवगडचा सीताराम, ज्याला मी बाळंतपणाची रजा दिली होती. एकदा माझ्या चुकीने तो घरी गेला होता. आता माझ्या हुशारीने जाणार होता.

कचेरी उघडायला अजून वेळ होता. खोलीत शिरले तर धोंडूमामा जमिनीवर मांडी घालून बसलेले, भोवती पेट्यांचा डोंगर.

“मामा, काय करताय?”

“गाठी सोडतंय.”

“अहो, पण...”

“कोणी विचारल्यान तर सांगा, नाडी नवीन बांधली. जुनी कुजली होती.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तीन बोटांनी ते गाठ सोडत होते, सोडलेली नाडी मांडीवर सरळ करत होते. इतकी वर्षं बांधलेलं सगळं ते दोन तासांत सरळ करून बसले होते. “बाय, तुमची वही तुमची. तिचा काय करूचा ता मी काय सांगू नाय.”

मी वही पर्समध्ये घातली. मग एक विचार मनात आला आणि तो इतका सोपा होता की मला माझंच हसू आलं. खोटं बोलायची गरजच नव्हती. पद्धतीप्रमाणे वागलं की पुरे होतं.

बारा वाजता मी आणि मामांनी हातगाडी ढकलत चिटणीसांच्या केबिनमध्ये नेली. सावंत एस, एकतीस पेट्या. मग दुसरी खेप : परब जी ए (परब पाच अक्षरांत मावे, म्हणून पुढे नावाची दोन मिळत), एकोणीस पेट्या. तिसरी, चौथी. टेबल भरलं, खुर्च्या भरल्या, मामांनी खिडकीच्या कट्ट्यावर रचायला सुरुवात केली.

“हे काय आहे?” चिटणीस म्हणाले. ते तरुण होते, वाईट नव्हते, वरून दाबले गेलेले होते.

“फायली, साहेब. यादीत सावंत आहे. सावंत एस या नावाच्या एवढ्याच आहेत.”

“मला बारक्या सावंत हवा आहे.”

“बारक्या या नावाची नोंद नाही, साहेब.”

त्यांनी एक पेटी उघडली, दुसरी उघडली. दहावी उघडेपर्यंत त्यांच्या कोटाच्या बाह्या धुळीने पांढऱ्या झाल्या. मग त्यांनी साचेखात्याच्या मुकादमाला बोलावून विचारलं, “तुमच्या खात्यात बारक्या कोण?” मुकादमाने थोडा विचार केला. “साहेब, गिरणीत जेवून जाडो झालेलो कोणच नाय. सगळेच बारके.”

दुपारी तीनच्या सुमारास चिटणीसांना कुणीतरी सांगितलं. कोण ते मला कधीच कळलं नाही. त्यांनी गुप्त्यांना बोलावलं. मी दारात उभी होते, पर्स काखेत घट्ट धरून.

“गुप्ते, या बाईंकडे एक वही आहे म्हणे. टोपणनावांची. निळी.”

गुप्त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा झाला होता; मघाशी म्हटलं ती दुसरी वेळ. त्यांना वही ठाऊक होती. मी ती त्यांच्या नजरेसमोर कितीदा वापरली होती, आणि प्रत्येक वेळी ते खिडकीबाहेर बघायचे. मला वाटलं, संपलं. हा माणूस वरून आलेला प्रत्येक प्रश्न दोनदा वाचून खरं उत्तर देतो.

“साहेब,” गुप्ते म्हणाले, “या कचेरीत खासगी वह्यांना मान्यता नाही.”

“मान्यतेचं सोडा. वही आहे का?”

“ज्याला मान्यता नाही ते दप्तरात नसतं. आणि दप्तरात नसेल त्यावरून नोटीस काढली तर उद्या कोर्टात मी काय दाखवू? निळी वही?” त्यांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं. “पद्धत साठ वर्षं चालत आली आहे, साहेब. यादी अपुरी आहे. जमादाराने पूर्ण नावं द्यायला हवी होती.”

चिटणीसांनी हातातली पेटी मिटली. मग म्हणाले, “जमादाराला विचारतो.” जमादाराला पूर्ण नावं येत नव्हती. ती त्याला येत असती तर तो जमादार कशाला राहिला असता.

बाहेर आल्यावर गुप्त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी ती आपल्या खणात टाकली, किल्ली फिरवली आणि मला म्हणाले, “पद्धतबाह्य कागद. पुन्हा दिसता कामा नये.” मग हळूच, “बारक्या म्हणजे तो दाखलेवाला ना?”

मी हो म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

हा प्रसंग मी अनेक घरगुती बैठकांत सांगितला आहे आणि इथेच थांबत आले आहे, कारण इथे सगळे हसतात. पण पुढे घडलं तेही सांगायला हवं.

चाळीस नावांत सदतीस जण सुटले. चार दिवसांची मुदत गेली, गिरणीला हात हवे होते, साहेबांनी विषय सोडून दिला. तिघांची नावं मात्र एकुलती होती. जमादाराने ती जशी ऐकली तशी दिली होती आणि त्या नावाची एकेकच पेटी होती. दोघांना ताकीद मिळाली. तिसरे विठोबा कुणकेरकर.

त्यांची फाईल चिटणीसांनी उघडली तेव्हा मी समोर होते. दोन वर्षांपूर्वीची असती तर ती कुणालाच मिळाली नसती; या चिठ्ठीवरून त्या चिठ्ठीवर साहेब फिरत राहिले असते. मी ती व्यवस्थित केली होती. आणि व्यवस्थित शिवलेले अकरा अर्ज बघून चिटणीस म्हणाले, “अकरा तक्रारी. हा जुना भांडखोर दिसतो.” मी सांगायचा प्रयत्न केला की अर्ज अकरा असले तरी मागणं एकच होतं, आणि दोष आमचा होता. त्यांनी ऐकून घेतलं. पण चाळीस नावं मागितली होती आणि वर दाखवायला एक तरी हवं होतं. संध्याकाळी नोटीस गेली.

मी वरळीला त्यांच्या खोलीवर गेले. इतक्या जिन्यांत आणि सारख्या दारांत मला त्यांची खोली सापडेना. शेवटी एका बाईने हात धरून नेलं. कुणकेरकर पायरीवर बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फाईल मी लावली, ती सापडू नये अशी ठेवायला हवी होती, आणि मला ते सुचलं नाही.

त्यांनी ऐकलं. “बाय, मी मोर्चात पुढे नव्हतंय,” ते म्हणाले. “माका पाठसून ढकलीत ढकलीत पुढे नेल्यानी. जमादारान बघल्यान तेवा मी पुढे.” मग म्हणाले, “पण गेलंय खरो. ढकलूक नसता तरी गेलंय असतंय.” त्यांच्या बायकोने चहा आणला. न पिणं बरं दिसेना, म्हणून मी तो उभ्यानेच प्याले. निघताना विचारलं, काय करता येईल. ते म्हणाले, दुसऱ्या गिरणीत विचारलंय, पण कामाचा दाखला मागतात.

काढून टाकलेल्या माणसाला दाखला द्यायचा की नाही, याबद्दल नियम काही बोलत नव्हता. मी दुसऱ्या दिवशी टाइप केला : विठोबा कुणकेरकर, साचे खातं, इतकी वर्षं नोकरी, नोकरीत कसूर नाही, स्वभावाने शांत. वर्तणुकीच्या रकान्यात एक शब्द घातला, ‘चांगली’. काढण्याचं कारण लिहिलं नाही. कागद गुप्त्यांपुढे ठेवला आणि टेबलाची कड धरून उभी राहिले.

त्यांनी दोनदा वाचला. लाल पेन उचललं आणि ‘चांगली’वर काट मारली.

“मिस विजयकर, नुसतं ‘चांगली’ लिहिलं की दुसऱ्या गिरणीत शंका घेतात. ‘अतिशय चांगली’ लिहा.” पेन आणखी खाली आलं. “आणि इथे एक ओळ घाला : दिवसपाळीच्या कामात विशेष वाकबगार. नाहीतर ते लोक याला रात्री ठेवतील. पुन्हा टाइप करा.”

मी पुन्हा टाइप केला. त्यांनी पुन्हा दोनदा वाचून सही केली, शिक्का मारला आणि नक्कल दप्तरात लावायची नाही असं बजावलं.

कुणकेरकर फाटकाबाहेर वाट पाहत होते. कागद हातात घेऊन त्यांनी तो उलटासुलटा पाहिला आणि मला परत दिला. “वाचून दाखवा, बाय.”

इंग्रजी कागद मी मराठीत वाचला. नोकरीत कसूर नाही, स्वभावाने शांत, वर्तणूक अतिशय चांगली, दिवसपाळीच्या कामात विशेष वाकबगार. ते मान खाली घालून ऐकत होते. वाचून संपलं. मग म्हणाले, “ह्यो माणूस मोठो चांगलो दिसता. कोण म्हणायचो?”

“तुम्हीच.”

त्यांनी कागदाची घडी घातली, काळी टोपी काढून तिच्यात ती ठेवली, टोपी डोक्यावर नीट दाबून बसवली आणि ऊन होतं तोवर करी रोडच्या बाजूला चालू लागले. आठवड्याभरात त्यांना काम मिळालं, पहिली पाळी.